तोंड खाली, बॉनेट वर

लक्षण

गाडी चालू केल्यावर खडखड असा आवाज येतो.

थांबा. आधी दुसरं लक्षण सांगायला हवं.

लक्षण (आधीचं)

नवऱ्याची मान वर होते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंड खाली. झोपताना, बसताना, जेवताना, भांडताना, रुसताना, सगळीकडे खाली. उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. तो ऑपरेशन करून जागेवर बसवला आणि तिथेच दबून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. बुडबुड्याला एकच गोष्ट येते, वर जाणं. म्हणून माणसाने जमिनीकडे बघत राहायचं, म्हणजे डोळ्याची मागची भिंत वर येते आणि बुडबुडा पडद्याला टेकू देतो. मान उचलली की टेकू सरकला. टेकू सरकला की पडदा पुन्हा सुटू शकतो, आणि दुसऱ्यांदा सुटलेला पडदा...

डॉक्टरांनी हे वाक्य पूर्ण केलं नव्हतं. मीही करत नाही.

माझा नवरा बस चालवतो. दोन डबे जोडलेली, मध्ये रबराचा भाता असलेली लांब बस. एका डोळ्याच्या माणसाच्या हाती अशी बस कोणी देत नाही. म्हणजे डोळा गेला की बस गेली. आणि बस गेली की हा माणूस कायमचा घरात. घरातला हा माणूस कसा असतो, ते मी ऑपरेशन झाल्यापासून बघत होते.

सुटे भाग

ड्रायव्हर. बसस्थानकावर सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. घरी मी अहो म्हणते, पण मनात मीही ड्रायव्हरच म्हणते. पलंगाच्या कडेबाहेर डोकं काढून पालथे पडलेले असतात. जमिनीवर त्यांच्यासाठी बशीत कप, कपात नळी. खोलीतल्या फरशीबद्दल त्यांना आता आर्किटेक्टपेक्षा जास्त माहिती आहे.

मी. त्याच बसस्थानकावर घोषणा करते. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे” म्हणते ती मी. माझ्या आवाजावर गर्दी इकडची तिकडे होते. घरात कोणी जागचं हलत नाही.

वन्सं. त्यांची थोरली बहीण. लहान मुलांच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेली. भावाची मान सांभाळायला म्हणून आली आणि खुर्ची टाकून बसली ती बसलीच. मान जरा हलली की टाळी वाजवते.

पिटुकली. ही गाडी. दोन दारांची, बुटकी, टर्बो इंजिनची, रुंद चाकांची. दिवसभर हत्ती हाकणाऱ्याने घरी मुंगूस पाळावं तशी आमच्या ड्रायव्हरने ही पाळली आहे. हिला मेकॅनिककडे न्यायची नाही, हिचं सगळं घरीच करायचं. त्या दिवशीही ते इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून, वाकून, हिचा एअर फिल्टर साफ करत होते. तेवढ्यात उजव्या डोळ्यात विजा चमकल्या. मग काळे ठिपके पडले. मग कडेने काळोख सरकत आला. फिल्टरचं झाकण बसवून ते वर आले, हात धुतले आणि मला म्हणाले, “पडदा उतरलाय.”

मी म्हटलं, “कुठला? बाथरूमचा?”

आता हसू येतं. तेव्हा त्यांचा चेहरा बघितला आणि चप्पल शोधायला लागले.

देखभाल

“बॅटरी उतरेल.”

उठल्यापासून हाच जप. फरशीकडे तोंड करून.

“उतरू दे,” वन्सं म्हणाली. “तुझीच उतरलीय आधी.”

“ताई, उभी गाडी खराब होते. माणसासारखंच असतं ते.”

“म्हणून उभा राहू बघतोयस का? मान!” टाळी.

“आणि उद्या तपासणीला काय बैलगाडीने जायचंय? हिला सांग, खाली जाऊन नुसती चालू करून ये. दहा मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. लहान मूलही करेल.”

मी गाडी चालवते. बरी चालवते. पण पिटुकलीला मी आजवर तीनचारदाच हात लावला होता, आणि प्रत्येक वेळी शेजारी बसून हे स्वतःच्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. तरी गेले. नाही गेले तर ते उठतील, हा हिशोब सोपा होता.

चावी फिरवली.

पिटुकली चालू झाली, पण धड नाही. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा वर जायचा, खाली यायचा, परत वर. दम लागलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसा. समोर पिवळा दिवा लागला. आणि पुढून कुठून तरी, खडखडखडखड.

मी बंद केली. परत चालू केली. कॉम्प्युटरला असं केलं की बरं वाटतं. पिटुकलीला नाही वाटलं.

इथे मी चूक केली. वर जाऊन “झाली चालू, छान आहे” एवढं बोलायला हवं होतं. खोटं बोलायची मला सवय आहे. “बस थोड्याच वेळात येत आहे” हे मी रोज सांगते. पण घाबरले आणि फोन लावला.

फोनवरून दुरुस्ती

“कसला आवाज?”

“खडखड.”

“ऐकव. चालू कर.”

“चालूच आहे.”

“चालू नाहीये. मला काही ऐकू येत नाही.”

“अहो, मी बॉनेटला फोन लावून उभी आहे! सगळी थरथरतेय!”

“तुझंच ऐकू येतंय फक्त. एकदम स्वच्छ.”

फोन शहाणा झालाय ना आता. माणसाचा आवाज ओळखतो, पुढे पाठवतो. बाकी सगळा गोंगाट म्हणून गाळतो. नवऱ्याला हवा होता गोंगाट. फोन त्याला बायको देत होता.

“मग तू काढून दाखव,” ड्रायव्हर म्हणाले.

“काय काढून?”

“आवाज. तोंडाने. जसा येतोय तसा.”

मी इकडेतिकडे बघितलं. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. घसा साफ केला.

“खड. खड. खड.”

“अगं घोषणा काय करतेयस? फलाट क्रमांक खड! आवाज काढ, आवाज!”

“खडखडखडखड.”

“पहिल्यापासून एकसारखा? की आधी जोरात, मग कमी?”

“खडखडखडखड, खड, खडखड.”

“म्हणजे थांबून थांबून. बरं, खडखड की टकटक?”

“खडखड.”

“कटकट तर नाही?”

“ती वरच्या मजल्यावरून येतेय.”

पहिल्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून वाकले. “काय गं, घशात काही अडकलं का? पाणी पाठवू?”

“नको आजोबा, गाडीचं आहे!”

“गाडीच्या घशात?”

 मग ड्रायव्हर अगदी हळू म्हणाले, “चेन गेली.”

शक्य कारणं, ड्रायव्हरच्या मते

चेन.

चेन.

आणि तिसरं म्हणजे चेन.

या जातीच्या गाड्यांना म्हणे हा रोगच आहे. इंजिनाच्या पोटात एक साखळी असते, ती सैल होते, आतल्या आत आपटायला लागते, खडखडते. आणि एक दिवस दात चुकवते. मग इंजिनाचे आतले भाग एकमेकांत घुसतात आणि पिटुकलीचं भंगार होतं. हे सगळं त्यांनी मला फरशीशी बोलल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाले, “मी येतो खाली.”

“अजिबात नाही.”

“एकदा कानाने ऐकलं की कळेल.”

“अहो, डोळा!”

“डोळा कशाला, कान म्हटलं मी.”

“कान कुठे असतात तुमचे? मानेवरच ना?”

फोनमध्ये मागून वन्संचा आवाज आला, “काय झालं? कसली चेन? बॅगेची? उद्या दवाखान्यात न्यायची ती? अरे मग मी देते दोरा भरून, त्यात रडण्यासारखं काय आहे?”

ते रडत होते हे मला असं कळलं. रडणंही त्यांना मनाई होतं. म्हणजे डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं, आम्हीच ठरवलं होतं.

“वन्सं,” मी फोनमध्ये ओरडले, “त्यांना उठू देऊ नका!”

“माझ्यासमोर उठेल होय? ऐक रे. मी खाली जाते, तुझी ती चेन का फेन बघून येते आणि तुला सांगते. तोवर तू असाच. शपथ घे.”

“कोणाची?”

“डोळ्याची घे.”

तपासा

वन्सं खाली आली. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. वर्गात कोणीतरी शिट्टी वाजवली आणि गुन्हेगार शोधायचाय असा चेहरा.

“लाव बघू चालू.”

लावली. खडखडखडखड.

वन्संनी डोळे मिटून ऐकलं. मग हात वर केला, बंद कर. केली.

“तू त्याला काय सांगितलंस? कसला आवाज म्हणून?”

“खडखड.”

“ही खडखड आहे?”

“मग काय आहे?”

“अगं, बसस्थानकावर बोलायचे पैसे घेतेस ना तू? खडखड वेगळी. रिकामी बैलगाडी जाते ती खडखड. दार सैल असेल ते वाऱ्याने खडखडतं. एक वस्तू दुसरीवर आपटत राहते. हे खुळखुळतंय. खुळखुळणं म्हणजे आत काहीतरी सुटं पडलंय आणि पोकळीत फिरतंय. जन्मभर मी पोरांच्या कंपासपेट्या जप्त केल्यात. मागच्या बाकावरून नुसता आवाज आला तरी सांगायचे, खोडरबर आहे की शार्पनर.”

असं म्हणून तिने दोन्ही हात पिटुकलीच्या नाकाडावर ठेवले आणि गाडी जोरात दाबून सोडली. गाडी खाली गेली, वर आली.

खुळखुळ.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

“चावी?” वन्सं म्हणाली.

चावी माझ्या हातात होती. इंजिन बंद होतं. साखळी फिरतच नव्हती, तर ती आपटेल कशी?

मी पण दाबली. खुळखुळ. वन्संनी परत दाबली. खुळखुळ. दोन प्रौढ बायका एका बुटक्या गाडीला पाळण्यासारखं झोके देत हसत होत्या. वरचे आजोबा आता पाण्याचा पेला घेऊनच उभे होते.

“सांग त्याला, सांग!” वन्सं म्हणाली.

मी फोन लावला. वाजला. वाजत राहिला. कोणी घेईना.

मग तीच रिंग जिन्यातून ऐकू यायला लागली. आधी लांबून, मग जवळून.

हे करू नका

ड्रायव्हर जिना उतरून आले होते. पायजमा, बनियन, उजव्या डोळ्यावर छिद्राछिद्रांची प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीने लावलेली. एक हात कठड्यावर. हनुवटी छातीला टेकलेली. खिशात फोन कोकलत होता.

वन्संचा रंग उतरला. “शपथ घेतली होतीस ना रे!”

“तोंड खाली ठेवायची घेतली होती. खालीच आहे.”

“जिन्यावर? जिन्यावर मान वर केली असशील!”

“ताई, जिना उतरताना माणूस पायाकडेच बघतो. तूच शिकवलंयस.”

वन्सं फसणाऱ्यांतली नव्हती. “काय काय दिसलं जिन्यात? पटकन!”

“आपल्या दारातलं पायपुसणं उलटं टाकलंय. मधल्या मजल्यावर एक मोजा पडलाय, लहान मुलाचा, निळा. आजोबांच्या दाराची चौकट खालून कुजलीय, त्यांना सांगायला हवं.”

“आणि खिडकीतली कुंडी बघितलीस? किती फुललीय!”

“जिन्यात खिडकी आहे?”

ही खिडकी आमच्या जिन्यात आम्ही राहायला आल्यापासून आहे. वन्संनी श्वास सोडला. मीही सोडला.

“साखळी नाहीये,” मी म्हटलं. “बंद गाडीतही वाजतंय. आत काहीतरी सुटं आहे.”

ते माझ्या चपलांकडे बघत उभे राहिले. मग खांदे हलायला लागले. हसत होते की दुसरं काही, ते वरून कळत नव्हतं, आणि चेहरा वर करा म्हणायची सोय नव्हती.

“आलोच आहे,” शेवटी म्हणाले, “तर जरा आत बघतो.”

“वर चला आधी.”

“अगं, बघ ना. बॉनेटमध्ये कसं बघतात?”

“कसं?”

“वाकून. तोंड खाली.”

मी वन्संकडे बघितलं. वन्सं माझ्याकडे. कधी कधी उनाड पोराचं उत्तर बरोबर येतं आणि बाईंना गुण द्यावे लागतात, तसं तोंड झालं होतं तिचं.

तज्ज्ञांचा सल्ला घ्या

“डॉक्टर, त्यांचं तोंड खाली आहे.”

“छान.”

“पण बॉनेटमध्ये आहे.”

“कशात?”

“गाडीच्या. म्हणजे अजून नाही, पण घालू का विचारतायत.”

डॉक्टर मग म्हणाल्या, “लोक मला टीव्ही बघू का विचारतात. मोबाइल बघू का विचारतात. बॉनेट पहिल्यांदाच.”

“मग?”

“झटका नको. जोर लावायचा नाही, वजन उचलायचं नाही. हात डोळ्याजवळ न्यायचा नाही. वाटी काढायची नाही. पाच मिनिटं. आणि तोंड जमिनीकडे म्हणजे जमिनीकडेच, हं. एकदाही वर नाही.”

“एकदाही नाही,” मी म्हटलं.

दुरुस्ती

बॉनेट मी उघडलं. त्यांचे हात वन्संनी पाठीमागे धरले, चोराला धरतात तसे. ते वाकले आणि चांगल्या डोळ्याने इंजिनाकडे बघायला लागले.

इतक्या दिवसांनी त्यांना फरशी सोडून काही दिसलं होतं. आवाजच बदलला.

“टॉर्च आण. डावीकडे धर. अजून खाली. माझ्या कानात नको, इंजिनात. हां. आता त्या काळ्या पाइपच्या मागे, एकदम खाली, प्लास्टिकचा पत्रा दिसतोय? गाडीच्या पोटाखाली असतो तो. त्याच्यावर काय चमकतंय?”

मला काहीच दिसत नव्हतं. वन्संलाही नाही. वाकायची सवय फक्त एकालाच होती.

“गोटी,” ते म्हणाले.

“खेळायची?” वन्सं.

“पान्याची गं. नट फिरवायला पान्याच्या तोंडाला लावतात ती. त्या दिवशी माझ्या हातातून... मला वाटलं डब्यात ठेवली.”

मी स्वयंपाकघरातला लांब चिमटा आणला. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा आली. बोटाच्या पेराएवढी, तेलकट. हिच्यासाठी माझ्या नवऱ्याने डोळा पणाला लावला होता. मी ती वन्संच्या हातावर ठेवली. तिने जप्त करून मुठीत बंद केली.

“झालं!” मी बॉनेट पाडायला हात लावला.

“थांब. काटा वरखाली का होत होता मग? पिवळा दिवा का लागला? गोटीने दिवा नाही लागत. चालू कर.”

मी आत जाऊन बसले आणि चालू केली. खुळखुळ गेली होती. पण काटा तसाच, दम लागल्यासारखा. आता खुळखुळ नसल्यामुळे आणखी एक आवाज ऐकू येत होता, बारीक, सायकलच्या चाकातून हवा जावी तसा.

इथे ते झालं.

पंचवीस वर्षांची सवय. ड्रायव्हर इंजिनावर वाकलेला असला आणि आत बसलेल्याला काही सांगायचं असलं, की तो मान उचलतो आणि काचेतून बघतो. उघड्या बॉनेटच्या आणि काचेच्या मधल्या फटीतून मला त्यांचं कपाळ वर येताना दिसलं. मग भुवई. मग ती प्लास्टिकची वाटी.

“मान खाली!”

मी ओरडले ते स्थानकावरच्या आवाजात. एवढा मोठा आवाज मी माइकशिवाय कधी काढला नव्हता. त्याच क्षणी वन्संचा पंजा त्यांच्या मानेवर बसला. कपाळ खाली गेलं.

गाडी चालूच होती. 

“किती वर गेली होती?” मी खाली उतरून विचारलं.

“थोडीशी,” ते म्हणाले.

“थोडीशी म्हणजे?”

“बुडबुडा हलला का ते मला कळत नाही. या डोळ्याला सगळं धूसरच दिसतंय.” मग हळूच, “कुठला पाइप फुसफुसतोय, हात लावून बघ. फिल्टरच्या डब्यातून निघतो तो. पट्ट्यापासून लांब धर हात. पंख्यापासून पण.”

 पाइप सापडला. टोकाला पत्र्याची गोल पट्टी होती, ती सैल फिरत होती. मी पाइप घट्ट दाबला.

फुसफुस थांबली. काटा जागेवर आला. पिटुकली एकदम शांत, गुबगुबीत, झोपलेल्या मांजरासारखी गुरगुरायला लागली.

“पट्टी आवळायची राहिली,” ड्रायव्हर खाली बघत म्हणाले. “मी शपथेवर सांगितलं असतं की आवळली.”

“आता आवळू. कशाने?”

“सात नंबरच्या गोटीने.”

वन्संनी मूठ उघडली.

दुरुस्तीनंतर

गाडी बरी झाली, याचा त्या दिवशी कोणालाही आनंद झाला नाही.

त्यांना वर नेऊन पालथं झोपवलं. वन्संनी टाळ्या वाजवणं सोडून दिलं आणि त्यांच्या मानेवर हातच ठेवून बसली. मी घरभर काहीतरी आवरत फिरत होते. आवरलेलंच परत आवरत होते. तेवढीशी मान. कपाळ, भुवई, वाटी. तेवढ्याने पडदा सुटतो का? डॉक्टरांना फोन करून विचारावं, तर उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. उद्या कळणारच होतं.

“अगं,” पलंगाखालून आवाज आला.

“काय?”

“छान ओरडलीस.”

रस्त्यावरची चाचणी

सकाळी तपासणीला निघालो. ते मागे, पट्टा लावून, पुढच्या सीटच्या पाठीला उशी आणि उशीवर कपाळ. शेजारी वन्सं. मी चालवत होते. खुळखुळ नाही, फुसफुस नाही, पिवळा दिवा नाही. रस्त्यावर पिटुकली बाणासारखी, आणि मी तिला बैलासारखं मागे खेचून धरलेलं.

“दुसरा गिअर बदल आता,” मागून. “ऐकू येत नाही का तुला? ती मागतेय तिसरा.”

“तुम्ही मान सांभाळा.”

“डावीकडे आता पेट्रोलपंप गेला. पुढे खड्डा आहे, उजवीकडून घे.”

खड्डा होता. या रस्त्याने ते रोज बस नेतात. न बघता सांगत होते. वन्सं खिडकीतून तपासत होती, “बरोबर. बरोबर. हे पण बरोबर.” माझ्या मनात एकच, की हा रस्ता यांना परत नीट दिसू दे.

दवाखान्यात त्यांना आत नेलं. वाटी काढली. डॉक्टरांनी भिंग लावलं, दिवा लावला, इकडे बघा, तिकडे बघा. वन्सं भिंतीवरचा मोठमोठ्या अक्षरांचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत होती. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टरांची तोंडं कशी घडवतात कोण जाणे, त्यांच्यावर काही लिहिलेलंच नसतं.

“काल,” मी म्हटलं. राहवेना. “काल एकदा मान वर झाली. थोडी. क्षणभर.”

“बॉनेट?” डॉक्टर भिंगातून म्हणाल्या.

“हो.”

त्यांनी आणखी एकदा दिवा फिरवला. मग भिंग बाजूला केलं.

“चिकटलाय,” त्या म्हणाल्या. “सगळीकडून. छान बसलाय.”

वन्सं तक्त्यापाशीच मटकन खाली बसली. खुर्ची होती नशिबाने. मी काय केलं ते मला आठवत नाही. डॉक्टर सांगतात, मी “धन्यवाद” असं इतक्या मोठ्याने म्हटलं की बाहेर बसलेले पेशंट उठून दाराशी आले.

“क्षणभराने एवढं होत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण हे मी आधी सांगितलं असतं, तर क्षणाचा तास केला असता यांनी. बुडबुडा हळूहळू विरेल, तसं दिसत जाईल. बस काही आठवडे नाही. मग परत तपासू, पण मला काळजी वाटत नाही. पालथं झोपणं आता संपलं, फक्त उताणं झोपू नका. आणि मान वर केली तरी चालेल.”

ड्रायव्हर तसेच बसून राहिले. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत.

“अरे, ऐकलंस ना?” वन्सं म्हणाली. “वर बघ.”

“बघतोय. येत नाहीये.”

मान आखडली होती. आम्ही दोघींनी मागून हळूहळू चोळली, गंजलेल्या नटावर तेल सोडतात तशी. कुरकुरत, थांबत थांबत मान वर आली. पहिल्यांदा डॉक्टर दिसल्या असतील, मग तक्ता, मग वन्सं. मग मी.

“तुझे केस पांढरे झालेत,” म्हणाले.

“या आठवड्यातले आहेत ते. तुमच्या नावावर.”

परतीचा रस्ता

येताना ते पुढे बसले. वन्सं मागे, चष्मा काढून, डोळे मिटून; तिची ड्यूटी संपली होती. ऊन चांगलं पडलं होतं. मी काच खाली केली. पिटुकली तिसरा मागत होती तो दिला. चौथा मागत होती तोही दिला. काल दुपारपासून छातीत काहीतरी आवळलेलं होतं, ते आता सैल होत होतं, आणि सैल होण्याबरोबर माझा उजवा पाय आपोआप खाली जात होता.

पुढे एक ट्रक होता. रस्ता समोरून मोकळा. मी इंडिकेटर दिला, दुसरा टाकला, पाय दाबला. टर्बो म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाठ सीटला चिकटली, ट्रक बाजूने मागे सरकायला लागला, आणि मला हसू फुटलं, मोठ्याने, कारण नसताना.

बाजूला बघितलं. ड्रायव्हर पार वाकलेले. हनुवटी छातीला, डोळे पायातल्या चटईवर.

“अहो!” मी घाबरले. “काय झालं? आता मान वर चालते ना!”

“माहितीये,” ते खालूनच म्हणाले. “तू ओव्हरटेक संपव. मग करतो.”